ड्रोनच्या फोटोची चौकट: आडवी, उभी की चौरस?

ड्रोन घेताना लोक मेगापिक्सेल विचारतात, बॅटरी किती मिनिटं चालते ते विचारतात, वारा किती सोसतो ते विचारतात. फोटो कोणत्या गुणोत्तरात निघतो, म्हणजे चौकटीची रुंदी आणि उंची यांचं प्रमाण काय, हे सहसा कुणी विचारत नाही. मेनूत कुठेतरी आत ४:३ आणि १६:९ असे पर्याय असतात, काही यंत्रांत ३:२ सुद्धा असतं. पहिल्या दिवशी जे लावलेलं असेल तेच वर्षानुवर्षं चालू राहतं. पण जमिनीचा किती तुकडा फोटोत येणार, पुढे त्याचं मोठं प्रिंट निघणार की नाही, तो मासिकाच्या पानावर बसणार की फक्त मोबाइलच्या पडद्यावर, हे सगळं याच मापावर ठरतं.

जमिनीवर उभं राहून फोटो काढणाऱ्याला हा प्रश्न इतका छळत नाही. क्षितिज आडवं असतं, माणूस आणि झाड उभं असतं, त्यामुळे चौकटीची निम्मी निवड विषयच करून देतो. ड्रोन वर गेला आणि कॅमेरा थेट खाली वळवला की वर-खाली हा भेदच नाहीसा होतो. भातखाचराला डोकं नसतं की पाय नसतात. चौकट कशी धरायची याचा कसलाच इशारा समोरून मिळत नाही. म्हणून हवाई छायाचित्रणात गुणोत्तर हा सजावटीचा भाग नाही. उंची आणि उजेड यांच्या बरोबरीने आधी ठरवायची ती गोष्ट आहे.

हे आकडे आले कुठून ते पाहिलं तर त्यांचा दबदबा बराच कमी होतो. ४:३ हे मूळचं सिनेमाचं माप. एडिसनच्या प्रयोगशाळेत विल्यम डिक्सन यांनी १८९० च्या दशकाच्या सुरुवातीला ३५ मिलिमीटर फिल्मवर चार छिद्रांच्या उंचीची चौकट ठरवली. तीच टीव्हीने उचलली, मग कॉम्प्युटरच्या पडद्याने. छोट्या डिजिटल कॅमेऱ्यांचे सेन्सर या पडद्यांच्या मापाने घडले आणि त्याच जातीचे सेन्सर ड्रोनमध्ये बसले. ३:२ आलं लायकाकडून. ओस्कर बार्नाक यांनी सिनेमाचीच फिल्म कॅमेऱ्यात आडवी चालवली, दोन चौकटींची जागा एका फोटोला दिली आणि ३६ × २४ मिलिमीटरचं माप तयार झालं. १९२५ मध्ये लायका विक्रीला आला आणि हे माप जगभर रुळलं. चौरस चौकट रोलायफ्लेक्स आणि हॅसलब्लाड या कॅमेऱ्यांनी लोकप्रिय केली.

१६:९ या सगळ्यांत धाकटं, आणि त्याची कथा मुद्दाम सांगण्यासारखी आहे. १९८० च्या दशकात हाय डेफिनिशन टीव्हीचा पडदा कोणत्या आकाराचा असावा यावर खल चालू होता. कर्न्स पॉवर्स या अभियंत्याने त्या वेळी वापरात असलेल्या सिनेमा-टीव्हीच्या चौकटी सारख्या क्षेत्रफळाच्या करून एकमेकींवर ठेवल्या. त्या सगळ्यांना सामावून घेणारा आयत साधारण १.७७ : १ चा निघाला. तेच १६:९. म्हणजे जुने चौकोनी कार्यक्रम आणि रुंद सिनेमे एकाच टीव्हीवर बऱ्यापैकी दिसावेत यासाठी काढलेला तो मधला मार्ग आहे. स्थिर छायाचित्राचा विचार त्यात कुठेच नव्हता. ड्रोनवर ते आलं व्हिडिओमुळे, आणि व्हिडिओवरून फोटोवर बोट दाबताना पडद्यावरचं दृश्य बदलू नये म्हणून अनेक जण फोटोसुद्धा त्याच मापात ठेवतात.

ही सवय महागात पडते. ज्या ड्रोनचा सेन्सर ४:३ आहे, तो १६:९ मध्ये फोटो काढताना बाजूला काही वाढवत नाही. वरचा आणि खालचा पट्टा कापून टाकतो, एवढंच. १२ मेगापिक्सेलच्या साध्या ड्रोनवर पूर्ण फोटो ४००० × ३००० पिक्सेलचा असतो, १६:९ चा ४००० × २२५०. चौथा हिस्सा गेला. पुढे त्याच फोटोतून इन्स्टाग्रामसाठी ४:५ ची उभी चौकट काढायची ठरली, तर पूर्ण फाइलमधून २४०० × ३००० म्हणजे ७२ लाख पिक्सेल मिळतात, कापलेल्या फाइलमधून १८०० × २२५० म्हणजे जेमतेम साडेचाळीस लाख. एकाच उड्डाणात, एकाच उजेडात, एका चुकीच्या खुणेने एवढा फरक.

जमिनीच्या हिशेबात हे आणखी स्पष्ट दिसतं. भारतात २०२१ च्या ड्रोन नियमांनुसार हिरव्या क्षेत्रात साधारणपणे ४०० फुटांपर्यंत, म्हणजे १२० मीटरपर्यंत उडता येतं. बहुतेक ड्रोनची मुख्य लेन्स २४ मिलिमीटरच्या आसपासची असते. या उंचीवरून कॅमेरा थेट खाली रोखला तर ४:३ च्या चौकटीत सुमारे १७३ मीटर रुंद आणि १३० मीटर उंच जमीन येते. १६:९ मध्ये रुंदी तीच राहते, उंची होते ९७ मीटर. १०० मीटर बाजूचं एक हेक्टरचं चौरस शेत पहिल्या चौकटीत चारी बांधांसह ऐसपैस बसतं, दुसरीत त्याचा बांध कापला जातो. वर जायला परवानगी नसते, त्यामुळे ही चूक उंची वाढवून दुरुस्त करता येत नाही.

थेट खाली पाहणाऱ्या फोटोत माझा कल चौरसाकडे किंवा त्याच्या जवळच्या मापांकडे आहे. एक कारण तांत्रिक आहे: लेन्स गोल प्रतिमा तयार करते, आणि त्या वर्तुळातून जितका चौरसाच्या जवळचा तुकडा घ्याल तितका प्रतिमेचा भाग अधिक वापरात येतो. दुसरं कारण बघण्याचं आहे. रुंद चौकट डोळ्याला डावीकडून उजवीकडे चालायला लावते. वरून दिसणाऱ्या विहिरीला, खळ्याला, वारीतल्या गोल रिंगणाला अशी चाल नसते, त्यांना मध्य असतो. चौरस हा मध्य टिकवून ठेवतो. (रिंगणावर, किंवा कुठल्याही गर्दीवर, परवानगीशिवाय ड्रोन नेऊ नये. फोटो कितीही चांगला येणार असला तरी.) उरण-पेणकडच्या मिठागरांसारखा विषय असेल तर गोष्ट वेगळी. तिथे खाचरंच आयताकृती असतात, म्हणून आधी ड्रोन फिरवून चौकटीची कड बांधाला समांतर करावी, मग किती खाचरं पूर्ण घ्यायची ते मोजावं आणि त्यावरून माप ठरवावं. अर्धवट कापलेलं खाचर अशा फोटोत लगेच खुपतं.

थेट खाली पाहताना आणखी एक सोय मिळते, ती फार थोडे वापरतात. उभा फोटो हवा असेल तर ड्रोन जागच्या जागी ९० अंशांत फिरवला की झालं. सेन्सरची लांब बाजू आता दुसऱ्या दिशेला पडते आणि एकही पिक्सेल वाया न जाता आडव्याचा उभा होतो. फिरणारा गिंबल नको, महागडं मॉडेल नको. अवकाशातलं सगळ्यांत गाजलेलं छायाचित्र या संदर्भात आठवतं. २४ डिसेंबर १९६८ रोजी अपोलो ८ मधून बिल अँडर्स यांनी चंद्रामागून वर येणारी पृथ्वी टिपली. त्यांनी ती टिपली तेव्हा चंद्राचा पृष्ठभाग चौकटीत उभा होता. आपण ज्या रूपात ते चित्र ओळखतो, त्यात ते ९० अंशांत फिरवून चंद्र खाली आणला आहे. कॅमेरा हॅसलब्लाड होता, फिल्मची चौकट चौरस होती, म्हणून फिरवल्याने काहीच गमावलं नाही.

कॅमेरा थोडा वर उचलला, क्षितिजाकडे तिरपा केला, की प्रश्न पुन्हा बदलतो. एक उदाहरण नीट उलगडून पाहू. मालवणजवळचं देवबाग: एका बाजूला अरबी समुद्र, दुसऱ्या बाजूला कर्ली नदीची खाडी, मध्ये माडांनी भरलेली जमिनीची चिंचोळी पट्टी, दक्षिणेच्या टोकाला संगम आणि पलीकडे भोगवे. (उडवण्याआधी डिजिटल स्काय नकाशावर क्षेत्र पाहावं, स्थानिक मनाई विचारावी. किल्ले आणि अभयारण्यांच्या परिसरात तर नक्कीच.) ड्रोन समुद्रावर नेऊन पूर्वेकडे तोंड केलं की समोर थर दिसतात: फुटणाऱ्या लाटा, वाळू, माड, खाडीचं पाणी, पलीकडचे डोंगर. सगळे आडवे, एकावर एक. ४:३ मध्ये हे घेतलं तर खाली नुसतं पाणी आणि वर नुसतं आकाश यांनीच निम्मी चौकट भरते, आणि जे दाखवायचं ती पट्टी बारीक रेघ होऊन बसते. इथे २:१ किंवा त्याहून रुंद काप शोभतो, कारण जागेचा आकारच तसा आहे. १६:९ ची खरी बाजू अशाच ठिकाणी दिसते.

आता ड्रोन पट्टीच्या मधोमध आणून दक्षिणेकडे तोंड करा. तीच जागा, पण पट्टी आता आपल्यापासून दूर जात निमुळती होते. उजवीकडे समुद्र, डावीकडे खाडी, आणि दोन्ही पाणी वर संगमाशी भेटतात. सकाळी पूर्वेचा उजेड डावीकडून येतो, माडांच्या सावल्या समुद्राच्या बाजूला पडतात आणि पट्टीला घडीव आकार येतो. हा फोटो उभाच हवा, ३:४ किंवा ४:५. आडव्या चौकटीत दोन्हीकडचं पाणी पसरतं आणि संगमापर्यंतचा प्रवास आखूड होतो. क्षितिज वरच्या कडेजवळ ठेवावं, हवेत धुरकटपणा असेल तर कापून टाकावं. ठिकाण पाहून माप ठरत नाही, आपण कोणत्या बाजूला तोंड केलं यावर ठरतं, हे देवबागला अर्ध्या बॅटरीत कळतं.

सह्याद्रीतही असंच. लाव्हाच्या थरांवर थर बसून घडलेला हा डोंगर बाजूने पाहिला की आडव्या रेषांचा आहे, त्याला रुंद चौकट मानवते. पण हरिश्चंद्रगडाचा कोकणकडा किंवा पावसाळ्यातला एखादा धबधबा रुंद चौकटीत घातला की खोली मरते. दिवे घाटाची वळणं उभ्या चौकटीत खालपासून वरपर्यंत चढत जातात. निसर्गदृश्य म्हणजे आडवंच, हा समज इतर परंपरांनी केव्हाच मोडला आहे. जपानी चित्रकार हिरोशिगे यांनी १८५६ ते १८५८ या काळात एदो शहराच्या दृश्यांची जी लाकडी ठशांची मालिका केली, ती पूर्ण उभी आहे. त्यातल्या एका चित्रात तर आकाशातला गरुड वरच्या कडेशी पंख पसरून आहे आणि खाली बर्फाची दलदल पसरली आहे. ड्रोन उडवणाऱ्याने हे चित्र एकदा तरी शोधून पाहावं.

उभ्या चौकटीला आज बळ मिळालं ते मात्र मोबाइलमुळे. इन्स्टाग्राम २०१० मध्ये सुरू झालं तेव्हा फोटो चौरसच लागायचा, २०१५ मध्ये आडवे-उभे चालू लागले, आणि २०२५ मध्ये प्रोफाइलची जाळीसुद्धा चौरसाची उभी झाली. रील तर ९:१६. यंत्रंही त्या दिशेने गेली. डीजेआयच्या २०१६ च्या मॅव्हिक प्रोमध्ये कॅमेरा उभा वळवायची सोय होती. पुढची बरीच मॉडेलं तिच्याविना आली, आणि २०२२ च्या मिनी ३ प्रोने ती पुन्हा आणली. ज्यांच्या ड्रोनला ही सोय नाही ते आडव्या ४के व्हिडिओतून उभा तुकडा कापतात: ३८४० × २१६० मधून ९:१६ साठी फक्त १२१५ पिक्सेल रुंदी उरते. मोबाइलवर ते खपून जातं, पण पुढे त्यातून फोटो म्हणून काही काढायचं म्हटलं तर हाती फार थोडं लागतं.

उभ्या चौकटीबद्दल माझी एक तक्रार आहे. ९:१६ मध्ये क्षितिजासकट दृश्य घेताना बहुतेक जण क्षितिज मध्यावर ठेवतात, वर निम्मं रिकामं आकाश आणि खाली निम्मी जमीन. मोबाइलच्या पडद्यावर वरचा आणि खालचा भाग नाव, मजकूर, बटणं यांनी झाकला जातो, हे लक्षात घेऊन मधला भाग रिकामा ठेवू नये. विषय तिथेच हवा. छपाईसाठी मात्र ९:१६ फार अरुंद. पुस्तकाचं पान, ए४ कागद, फ्रेमवाल्याकडची तयार मापं, यांतलं काहीच त्याच्या जवळपास येत नाही. उभंच हवं तर ४:५ किंवा २:३ घ्यावं, दोन्हीकडे चालतं.

रुंद चौकटीची हौस ड्रोनच्या आधीची आहे. बोस्टनवर फुग्यातून १८६० मध्ये जेम्स वॉलेस ब्लॅक यांनी काढलेली छायाचित्रं हवाई छायाचित्रणाच्या आज उपलब्ध असलेल्या सर्वांत जुन्या नमुन्यांत मोडतात. पण चौकटीच्या दृष्टीने खरा पराक्रम जॉर्ज लॉरेन्स यांचा. १९०६ च्या भूकंपानंतर काही आठवड्यांनी त्यांनी पतंगांच्या माळेला स्वतः बनवलेला अवजड पॅनोरमा कॅमेरा बांधला, तो सुमारे २००० फूट वर नेला आणि उद्ध्वस्त सॅन फ्रान्सिस्को एका लांबलचक निगेटिव्हवर उतरवलं. बंदरापासून टेकड्यांपर्यंत सगळं शहर एकाच पट्टीत. रुंदी तिथे शोभेसाठी नव्हती. नुकसान किती दूरवर पसरलंय ते दाखवायचं होतं.

आपल्याकडे ही गरज वेगळ्या कारणाने पडते. गोपाळ बोधे यांनी भारताच्या किनाऱ्याची, दीपगृहांची, किल्ल्यांची छायाचित्रं हेलिकॉप्टरमधून घेतली. उद्धव ठाकरे यांच्या ‘महाराष्ट्र देशा’ आणि ‘पहावा विठ्ठल’ या पुस्तकांतली छायाचित्रंही तशीच, हवेतून. हेलिकॉप्टर हवं तेवढं वर जातं, राजगडाच्या तिन्ही माच्या एका चौकटीत घेता येतात. ड्रोनला ती मुभा नाही. लोणारचं विवर सुमारे १.८ किलोमीटर व्यासाचं आहे. १२० मीटरवरून थेट खाली पाहिलं तर त्याचा दहावा हिस्साही रुंदीत मावत नाही. मग काठावरून तिरप्या कोनात, अनेक फोटो जोडून पॅनोरमा करणं हाच मार्ग उरतो, आणि विवराचं वर्तुळ लंबगोल होऊन रुंद चौकट मागून घेतं. सिंधुदुर्गाची, जंजिऱ्याची तटबंदी पूर्ण घ्यायची तरी तेच. २०२५ मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत आलेल्या बारा किल्ल्यांपैकी बरेच असे पसरलेले आहेत, आणि संरक्षित स्मारकांवर ड्रोनसाठी लेखी परवानगी लागते हे इथे सांगायलाच हवं.

जोडणी करताना ड्रोनचा एक फायदा होतो. विषय दूर असल्याने कॅमेरा किंचित हलला तरी जवळच्या-दूरच्या वस्तू एकमेकींवरून सरकत नाहीत, त्यामुळे सांधे जमिनीवरच्या पॅनोरमापेक्षा सहज जुळतात. अडचण हलणाऱ्या गोष्टींची: लाटा, होड्या, रस्त्यावरची गाडी. एकच होडी दोन ठिकाणी दिसू शकते. एक्सपोजर आणि व्हाइट बॅलन्स हाताने बांधून ठेवावा, दोन फोटोंत तिसऱ्या हिश्शाएवढी जमीन सामाईक ठेवावी, आणि शेवटी लागेल त्याहून थोडं जास्तच घ्यावं, कारण जोडलेल्या चित्राच्या कडा वेड्यावाकड्या येतात आणि कापाव्याच लागतात.

लग्नाच्या अल्बमवाल्यांना हे कळून चुकलंय. १२ × ३६ इंचाचं उघडलेलं पान म्हणजे ३:१ चं गुणोत्तर. ४००० पिक्सेल रुंदीचा एकच फोटो त्यावर पसरला तर इंचाला १११ पिक्सेल उरतात, कार्यालयाच्या दिव्यांच्या माळा दाणेदार दिसतात. तीन फोटो जोडून तेच पान स्वच्छ निघतं. आणि मांडव किंवा नवरा-नवरी बरोबर मध्यावर ठेवू नयेत, पानाची घडी तिथूनच जाते.

मोजणीसाठी उडणाऱ्या ड्रोनचा विचार सगळ्यांत सरळ आहे. गावठाणांच्या मोजणीची स्वामित्व योजना २४ एप्रिल २०२० ला सुरू झाली, तिच्यासारख्या कामात फोटो हे चित्र नसतं, नकाशाचा कच्चा माल असतो. तिथे सेन्सरचं पूर्ण माप, कोणताही काप नाही, आणि सहसा लांब बाजू उड्डाणाच्या दिशेला आडवी, म्हणजे कमी फेऱ्यांत गाव पुरं होतं. जोडून तयार झालेला नकाशा शेवटी गावाच्याच आकाराचा होतो.

आता प्रत्यक्ष उडवणाऱ्यासाठी. फोटोचं माप सेन्सरचंच ठेवा: बहुतेक ड्रोनवर ४:३, फँटम ४ प्रो, मॅव्हिक २ प्रो किंवा एअर २एस यांसारख्या एक इंची सेन्सरच्या यंत्रांवर ३:२. रॉ फाइल चालू ठेवा. १६:९ निवडल्यावर रॉ फाइलसुद्धा कापली जाते की नाही, हे प्रत्येक यंत्राला घरीच एकदा फोटो काढून तपासा. पूर्ण चौकटीत वरच्या कोपऱ्यांत कधी पंख्याची पाती येतात, विशेषतः समोरून वारा असताना आणि कॅमेरा वर उचललेला असताना. अशा वेळी कॅमेरा थोडा खाली करा, माप बदलू नका. पडद्यावर ग्रिड लावा आणि शेवटचा काप कोणता असणार ते डोळ्यांनी ठरवून त्याच्या चारी बाजूंनी थोडी जागा सोडा.

एक मात्र करू नका. सगळ्या मापांना पुरेल म्हणून विषय मध्यावर छोटासा ठेवून फोटो काढण्याची पद्धत पडत चालली आहे. त्या फोटोतून चौरस, उभा, आडवा, सगळं निघतं, आणि एकही चांगला निघत नाही. रीलसाठी उभा आणि भिंतीसाठी आडवा हवा असेल तर दोन वेगळे फोटो काढा, ड्रोन हलवून, कोन बदलून. मासिकांच्या आणि दैनिकांच्या संपादकांनाही विनंती आहे: हवाई छायाचित्र पानात बसवताना कापावं लागलं तर छायाचित्रकाराला एक फोन करा. कडेचा जो पट्टा फालतू वाटतो, त्यात अनेकदा किनारा कुठे संपतो किंवा तट कुठे वळतो तेच असतं. आणि ज्यांच्या घरी ड्रोन आहे त्यांनी पुढच्या उड्डाणाआधी मेनू उघडून फोटोचं गुणोत्तर पाहावं. १६:९ असेल तर बदलावं.